पैसे वडील देतील. मुलाने काय द्यायचे?

वाचकाचे पत्र

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली माझी स्कूटर दोन महिन्यांपूर्वी रात्री दारातून गेली आणि दुसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला मोडलेल्या अवस्थेत सापडली. गावातल्याच 16 आणि 15 वर्षांच्या दोन मुलांनी ती फिरायला म्हणून नेली होती. धाकटा माझ्याच अंगणवाडीत वाढलेला. पोलिसांनी दोघांना बाल न्याय मंडळापुढे नेले आणि त्याच दिवशी ते घरी परतले. आता गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष म्हणतात की दोन्ही घरांनी मला 20-20 हजार द्यावेत, मुलांनी ग्रामसभेत कान धरून माफी मागावी, कबुली स्टँप पेपरवर लिहून द्यावी आणि मी तक्रार मागे घ्यावी. थोरल्याचे वडील ठेकेदार आहेत. ते आजच पैसे मोजायला तयार आहेत. धाकट्याची आई ऊसतोडीला जाते. तिच्याकडे देण्यासारखे काही नाही. माझे पती म्हणतात, दोघांना रिमांड होममध्येच पाठवा, नाहीतर असली मुले निबंध लिहून सुटतात. पोलिसांनी एफआयआर न करता नुसती डायरीत नोंद केली, म्हणजे प्रकरण दाबले, असेही लोक बोलतात. मला भरपाई हवी आहे, पण त्या मुलांचे वाटोळे व्हायला नको. मी तडजोड करू का?

उत्तर

प्रिय ताई,

तडजोड जरूर करा, पण समितीने मांडली आहे ती नको. आणि जी कराल ती बाल न्याय मंडळाला कळवून, त्याच्या नजरेखाली करा. यापूर्वी काही वर्षे मी एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर सामाजिक कार्यकर्ती सदस्य म्हणून बसत होते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य, भरपाई हवी पण वाटोळे नको, हेच बाल न्याय कायद्याच्या गाभ्याशी सर्वांत जवळचे आहे. ते वाक्य धरून ठेवा. गावात या प्रकरणाबद्दल बोलणारे बहुतेक जण त्याचा फक्त अर्धा भाग बोलत आहेत.

आधी गैरसमज दूर करते, कारण ते मनात असताना शांतपणे निर्णय घेता येत नाही. पोलिसांनी एफआयआर नोंदवला नाही याचा अर्थ त्यांनी प्रकरण दाबले असा होत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 खालील केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार, 18 वर्षांखालील मुलावर निर्घृण म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, किंवा त्याने प्रौढांसोबत मिळून गुन्हा केल्याचे म्हणणे असेल, तरच एफआयआर नोंदवायचा असतो. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. मुलांना 24 तासांच्या आत मंडळापुढे उभे करणे बंधनकारक असते आणि त्यांना पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. ती मुले त्याच दिवशी घरी आली, कारण या कायद्यात जामीन हाच नियम आहे. सुटकेमुळे मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हरेल अशी कारणे असतील तरच जामीन नाकारता येतो. वर्तमानपत्रांत अशा मुलांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हा शब्द अवघड वाटतो, पण कलंक लावणारी भाषा वापरू नये हे तत्त्व कायद्यातच लिहिलेले आहे, म्हणून तो आला.

निबंधाचेही तसेच आहे. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि त्याच दिवशी झालेल्या जामिनाच्या आदेशात 300 शब्दांच्या निबंधाची अट होती. लोकांचा संताप मी समजू शकते. दोन घरे उद्ध्वस्त झाली असताना तो कागद कुणालाही अपमानच वाटला असता. परंतु ती जामिनाची अट होती, प्रकरणाचा अंतिम निर्णय नव्हे, आणि हा फरक त्या दिवसांत फारसा कुणी सांगितला नाही. तेव्हापासून महाराष्ट्रात बाल न्याय म्हटले की निबंध, एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. त्याचे ओझे आता तुमच्या गावातल्या या दोन मुलांच्या डोक्यावरही येत आहे, असे मला दिसते.

मंडळ खरोखर काय करू शकते ते पाहा. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, ज्यांतली किमान एक स्त्री, असे ते तिघांचे मंडळ असते. न्यायालयासारखा उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. चौकशीत मुलाने कृत्य केल्याचे सिद्ध झाले तर कलम 18 प्रमाणे समज देऊन आणि मुलाचे व पालकांचे समुपदेशन करून घरी पाठवण्यापासून गट समुपदेशन, सामुदायिक सेवा, मुलाला किंवा पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेख, आणि अगदी शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात, म्हणजे दोषी आढळलेल्या मुलांच्या सुधारगृहात, ठेवणे इथपर्यंत आदेश होऊ शकतात. शिवाय शाळेत हजर राहा, अमुक ठिकाणी जाऊ नकोस, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण कर, असेही आदेश जोडता येतात. तुमचे पती ज्याला रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवण्यासाठी असते. ते शिक्षेचे ठिकाणच नव्हे. पहिल्यांदाच स्कूटर घेऊन पळालेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाला तिथे पाठवून काही साधेल असे मला वाटत नाही. तिथे त्याला आपल्यापेक्षा जास्त सराईत मुलांची ओळख होईल, शाळा सुटेल, आणि तुमची गाडी मात्र मोडलेलीच राहील. पतींचा राग खोटा नाही. रात्री दारातून गाडी गेली की घरातल्या माणसाला झोप लागत नाही, आणि त्या भीतीला कुणी अजून उत्तर दिलेले नाही. ते उत्तर कसे मिळेल ते पुढे लिहिते.

आता समितीच्या प्रस्तावाकडे वळते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली आणि बांधावरून, वाटेवरून, सासरी-माहेरी चाललेली कितीतरी भांडणे तिच्यामुळे गावातच मिटली; त्या कामाचा मला आदर आहे. पण दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा वाद आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा अपराध यांत मोठा फरक आहे, आणि समितीने तो लक्षात घेतलेला दिसत नाही.

स्टँप पेपरचे आधी सांगते. मुलाची लेखी कबुली घेऊ नका आणि कुणी घेत असेल तर त्यावर सही करू नका. तो कागद पाच-दहा वर्षांनी कुणाच्या कपाटातून बाहेर येईल आणि कशासाठी वापरला जाईल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कायदा मात्र उलट सांगतो: अशा प्रकरणातल्या मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये, ठराविक काळानंतर नोंदी नष्ट कराव्यात, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठीही पोलिसांनी ती माहिती देऊ नये. जी पाटी सरकारलाही पुसावी लागते ती गावाने स्टँप पेपरवर जपून ठेवणे बरोबर नाही.

ग्रामसभेतल्या माफीला माझा विरोध याहूनही तीव्र आहे. कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ग्रामसभेत दहा जण मोबाइल वर धरून उभे असतील, आणि कान धरलेल्या मुलाचे चित्र संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरेल. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा की त्या क्षणी मुलगा कुणाकडे पाहत असेल. तुमच्याकडे तर नक्कीच नाही. तो खाली पाहत असेल, किंवा हसणाऱ्या मित्रांकडे. भरसभेत मान खाली घातलेल्या मुलाच्या मनात आपण काय केले हा विचार राहत नाही, आपले काय केले गेले हाच राहतो.

आणि पैसे. इथे मला थांबून बोलायचे आहे, कारण या प्रस्तावातला सगळ्यात मोठा अन्याय वरवर समान दिसणाऱ्या आकड्यात आहे. 20 हजार आणि 20 हजार. ठेकेदार वडील ते मोजतील, आणि थोरला मुलगा एवढेच शिकेल की रात्रीच्या मौजेची किंमत वडिलांच्या खिशातून जाते. धाकट्याची आई ते देऊ शकणार नाही. दिलेच तर मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन देईल, म्हणजे मुलाने मोडलेली गाडी ती आपल्या पाठीवर फेडेल. आणि नाहीच दिले, तर एकाच रात्री एकाच गाडीवर बसलेल्या दोघांपैकी एकाचे प्रकरण मिटेल आणि दुसऱ्याचे चालू राहील. ज्या तडजोडीत गुन्हा सारखा आणि निकाल घरच्या ऐपतीप्रमाणे, तिला न्याय म्हणता येणार नाही. तुम्ही त्या मुलाच्या हातात पहिली पाटी दिली आहे. हे तुम्हाला माझ्या आधी टोचले आहे, म्हणून तर तुम्ही पत्रात त्या आईचा उल्लेख केलात.

राहिली तक्रार मागे घेण्याची गोष्ट. प्रकरण मंडळापुढे गेल्यावर ते नुसते तुमचे आणि त्या दोन घरांचे राहत नाही, त्यामुळे गावात बसून ते परस्पर संपवता येत नाही. मात्र साधी चोरी हा तडजोडीस पात्र गुन्हा आहे आणि ज्याची वस्तू चोरीला गेली तो ती तडजोड करू शकतो. ती तडजोड मंडळापुढे मांडावी लागते, इतकेच. 2023 च्या मध्यस्थता कायद्यानेही फौजदारी खटल्यांची प्रकरणे सर्वसाधारणपणे मध्यस्थीबाहेर ठेवली आहेत, पण तडजोडीस पात्र गुन्ह्यांची प्रकरणे न्यायालयाने मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट खुली ठेवली आहे, आणि जे ठरेल ते पुन्हा न्यायालयानेच विचारात घ्यायचे आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्ये तर, मुलाच्या किंवा समाजाच्या हिताला बाधा येत नसेल तेव्हा न्यायालयीन कारवाईशिवायच्या उपायांना उत्तेजन द्यावे, असे तत्त्व स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा तुमची इच्छा कायद्याच्या विरोधात नाही. ती फक्त योग्य दारातून आत न्यायला हवी.

अशी खरी मध्यस्थी कशी असते, याचे एक जुने उदाहरण देते. 1974 साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की शिक्षा ठरवण्यापूर्वी या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना प्रत्यक्ष भेटावे. मग ते दोघे दारोदार गेले, लोकांचे ऐकून घेतले, कुणाचे किती नुकसान झाले ते लिहून घेतले आणि काही महिन्यांत भरपाई पोचती केली. पुढे अनेक देशांत पसरलेल्या पीडित-अपराधी मध्यस्थीची सुरुवात या दारोदारच्या फेरीतून झाली असे मानतात. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने याला पक्के रूप दिले: मुलगा, त्याचे नातेवाईक, पीडित व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसून नुकसान कसे भरून काढायचे याची योजना ठरवतात. तिथल्या मूळच्या माओरी समाजाच्या, कुटुंबाने एकत्र बसून निर्णय घेण्याच्या रीतीतून ती पद्धत बरीच काही शिकली. आपल्याकडे कायद्यात अशी बैठक सक्तीची नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या बाल न्याय कायद्यात पीडित व्यक्तीला फार थोडी जागा आहे. मंडळ मुलाचे शिक्षण, घर, संगत सगळे तपासते. ज्याची गाडी गेली त्याला पुढे काय झाले हे कळवणारा माणूस बहुधा नसतो. ही उणीव मला मंडळावर असतानाही खुपत होती. म्हणून तुम्हाला स्वतःहून पुढे व्हावे लागेल.

मंडळाला साध्या कागदावर अर्ज द्या: माझे नुकसान झाले आहे, मला भरपाई हवी आहे, मुलांशी समक्ष बोलण्याची माझी तयारी आहे, आणि त्यासाठी मध्यस्थी घडवून आणावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित मध्यस्थ असतात. मंडळाने सांगितले तर परिविक्षा अधिकारीही हे काम जुळवू शकतात. हेच अधिकारी मुलांचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करत असतात, तेव्हा त्यांना भेटून तुमचे म्हणणे सांगा. तुमच्या समितीचे अध्यक्ष सज्जन असतील, पण ते ठेकेदारांनाही ओळखतात आणि उद्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांना सगळ्यांची गरज पडेल. मध्यस्थ असा असावा ज्याला या गावात कुणाकडून काही नको आहे.

चांगला मध्यस्थ आधी तुम्हाला एकटीला भेटेल, मग प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्यांसह वेगळे भेटेल. मुलगा झाल्या गोष्टीची जबाबदारी घेत नसेल, किंवा केवळ दडपणाखाली हो म्हणत असेल, तर बैठक होऊ नये. तिथे बोललेले तिथेच राहावे आणि कुणाला कधीही उठून जाण्याची मुभा असावी. मग समोरासमोर बसल्यावर तुम्ही आकड्यांनी सुरुवात करू नका. ती स्कूटर गेल्यापासून तुम्ही अंगणवाडीत कशा जाता, हप्ता कसा भरता, रात्री कुत्रे भुंकले तर घरात काय होते, हे सांगा. यजमानांना यायचे असेल तर त्यांनाही येऊ द्या आणि त्यांची भीती त्यांच्याच तोंडून मुलांच्या कानावर पडू द्या. मुलांना विचारा की त्या रात्री काय झाले, कुणाची कल्पना होती, गाडी मोडल्यावर ती तशीच टाकून कसे निघून गेलात. उत्तर मुलानेच द्यायला हवे. वडील मध्येच बोलू लागले तर मध्यस्थाने त्यांना थांबवले पाहिजे.

मी एकदा अशा बैठकीत घाई केली होती. पीडित दुकानदार पैशाला राजी होते, मुलाचे मामा पैसे घेऊनच आले होते, आणि मी मुलाला एक शब्द बोलू न देता कागद पुरा केला. काही महिन्यांनी तोच मुलगा तशाच कारणाने पुन्हा समोर उभा राहिला. पहिल्या वेळी त्याला काहीच विचारले गेले नव्हते, याची जबाबदारी माझीही होती.

जे ठरेल त्यात मुलाचा स्वतःचा वाटा दिसला पाहिजे. दुरुस्तीचा खरा खर्च किती, विम्यातून काही मिळते का, हे आधी पाहा. 40 हजार हा आकडा कुणाच्या मनातून आला असेल तर तो सोडून द्या. उरलेली रक्कम दोन्ही घरांच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या हप्त्यांत वाटता येते, आणि एका घराचा हप्ता थकला म्हणून दुसऱ्याचे अडू नये असेही त्यात लिहिता येते. पैशाबरोबर दोन्ही मुलांसाठी काम सारखेच असू द्या. आदर्श नियमांत सामुदायिक सेवा 14 वर्षांवरील मुलांसाठी सांगितली आहे आणि बाग सांभाळणे, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत अशी तिची उदाहरणे आहेत. ते काम शाळेची वेळ सोडून, ठराविक तास, मंडळाने नेमलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे. तुमच्या घरची किंवा शेतातली कामे मात्र करून घेऊ नका, कितीही आपुलकीने वाटले तरी. ती वेठबिगारी ठरेल आणि गाव तसेच म्हणेल. आणि थोरल्याला देखरेखीचे काम व धाकट्याला झाडू, अशी वाटणी कुणी सुचवली तर ती तिथेच मोडून काढा.

हे सगळे तुमच्यासारख्या प्रकरणाला लागू आहे. लैंगिक अत्याचाराच्या किंवा गंभीर हिंसेच्या प्रकरणात कुठलीही गावकी, कुठलीही समिती मध्ये पडता कामा नये. तिथे पीडित मुलीला आरोपीसमोर बसवून समेट घडवणे हा तिच्यावरचा दुसरा अत्याचार असतो. तुमच्या समितीला उद्या कुणी तसले प्रकरण मिटवायला सांगितले, तर आजचा अनुभव दाखला म्हणून पुढे करू देऊ नका.

वेळेचे भान ठेवा. मंडळाने चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत पूर्ण करायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही चौकशी अपुरी राहिली तर प्रकरण आपोआप संपते. तुमचे दोन महिने गेले आहेत. शिवाय ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. धाकट्याची आई फडावर असताना बैठक ठेवली, तर तो मुलगा एकटा किंवा कुणा चुलत्याच्या भरवशावर बसेल, आणि समोर ठेकेदार आपल्या वकिलासह असतील. म्हणून अर्जातच लिहा की बैठक ती गावात असताना घ्यावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिच्या मुलाला मोफत वकील मिळू शकतो, हेही तिला तुम्हीच सांगा; तुमच्याकडून ऐकले तर ती विश्वास ठेवेल. पुढच्या तारखेला जाताना गॅरेजचे दुरुस्तीचे पत्रक, विम्याची पॉलिसी आणि पतसंस्थेच्या हप्त्यांचे पुस्तक बरोबर न्या, आणि अर्जाची एक प्रत पोचेचा शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा.